ग्रेड २ की ग्रेड ३? स्तनाच्या कर्करोगाच्या रिपोर्टिंगमधली तफावत आपल्याच लॅबमध्ये कशी शोधावी

आमच्या लॅबमध्ये दोन मायक्रोस्कोप आहेत. एक माझा, जुना, आयपीसचा रबर निघून गेलेला. दुसरा माझ्या सहकारिणीने रुजू होताना आग्रहाने घ्यायला लावलेला, रुंद फील्डचा. ती आल्यावर काही महिने मला एक गोष्ट खटकत होती. ब्रेस्टची केस तिच्याकडे गेली की ग्रेड, म्हणजे कर्करोग किती आक्रमक दिसतो त्याचा १ ते ३ मधला दर्जा, एका पायरीने वर जायचा. नवीन आहे, धास्तीने वरचा ग्रेड देते, असं मी मनात म्हणायचे. ती माझ्याबद्दल काय म्हणत असेल, ते मी विचारलं नाही. शेवटी चाळीस स्लाइड्स काढून दोघींनी वेगवेगळ्या वाचल्या. दोष निघाला भिंतीवर चिकटवलेल्या एका तक्त्यात.

हाच प्रयोग तुम्हाला तुमच्या लॅबमध्ये कसा करता येईल, ते इथे सांगते. लेख मुख्यतः जिल्ह्याच्या गावी दोघा-तिघांनी चालवलेल्या लॅबमधल्या पॅथॉलॉजिस्टसाठी आणि एमडी करणाऱ्या मुलामुलींसाठी आहे. रुग्णांच्या नातेवाइकांनी वाचला तरी चालेल, त्यांच्या कामाचं शेवटाकडे आहे.

आधी: मतभेद नेमके कुठे होतात

‘पॅथॉलॉजिस्टमध्ये एकमत नसतं’ हे वाक्य जितकं खरं, तितकंच दिशाभूल करणारं आहे. २०१५ साली अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. आठ राज्यांतल्या ११५ पॅथॉलॉजिस्टना प्रत्येकी ६० ब्रेस्ट बायोप्सी वाचायला दिल्या आणि तीन तज्ज्ञांनी मिळून ठरवलेल्या निदानाशी त्यांची उत्तरं ताडून पाहिली. एकूण जुळणी भरली ७५ टक्के. हा आकडा तेव्हा बातम्यांत खूप गाजला, पण खरी गोष्ट त्याच्या पोटात होती. इन्व्हेसिव्ह, म्हणजे नलिकेबाहेर पसरलेला, कर्करोग ९६ टक्के वेळा बरोबर ओळखला गेला. डीसीआयएस, म्हणजे नलिकेच्या आतच असलेला कर्करोग, ८४ टक्के. एटिपिया (कर्करोगाकडे झुकणाऱ्या, पण कर्करोग न म्हणता येणाऱ्या पेशी) नसलेल्या साध्या गाठी ८७ टक्के. आणि एटिपिया? फक्त ४८ टक्के. नाणं उडवलं असतं तरी जवळपास तेवढंच.

या अभ्यासात अवघड केसेस मुद्दाम जास्त घातल्या होत्या. रोजच्या कामात ज्या प्रमाणात केसेस येतात ते प्रमाण धरून त्याच संशोधकांनी पुन्हा हिशोब केला, तेव्हा जुळणी ९२ टक्क्यांच्या आसपास निघाली. थोडक्यात, ‘कर्करोग आहे की नाही’ यावर आपण क्वचित चुकतो. चुकतो ते कुंपणावरच्या केसेसमध्ये आणि ग्रेडमध्ये. म्हणून मेहनत तिथेच घालायची.

पायरी १: डब्यापासून सुरुवात करा

मायक्रोस्कोपला हात लावण्याआधी नमुना कसा येतो ते बघा. आमच्याकडे एकदा शनिवारी संध्याकाळी काढलेलं अख्खं ब्रेस्ट सोमवारी सकाळी आलं. लोणच्याच्या बरणीएवढ्या डब्यात कोंबलेलं, वर चार बोटं फॉर्मॅलिन. कापलं तर मधली गाठ मऊ, करडी, वास मारणारी. अशा पेशींमध्ये मायटोसिस (पेशींची चाललेली विभाजनं) मोजायचं म्हणजे पावसात भिजलेल्या वहीतली अक्षरं लावण्यासारखं आहे. फिक्सेशनला, म्हणजे फॉर्मॅलिनने पेशी टिकवून ठेवण्याला, उशीर झाला की मायटोसिस ओळखू येईनाशी होतात, संख्या कमी भरते आणि ग्रेड खोटाच खाली येतो. ईआर, पीआर हे हार्मोन रिसेप्टरही खोटे निगेटिव्ह येऊ शकतात.

नियम सोपे आहेत. शरीरातून काढल्यापासून फॉर्मॅलिनमध्ये जाईपर्यंत एक तासाच्या वर वेळ जाऊ नये. फॉर्मॅलिनमध्ये किमान ६ तास, जास्तीत जास्त ७२ तास. नमुन्याच्या दसपट फॉर्मॅलिन. मोठा नमुना असेल तर तो कापून उघडा करायचा, कारण फॉर्मॅलिन आत शिरतं ते तासाला जेमतेम एक मिलिमीटरच्या हिशोबाने. कापायचं कसं, हे सर्जनना एकदा प्रत्यक्ष दाखवा: मागच्या बाजूने, गाठीतून, कडा आणि वरची त्वचा न बिघडवता. फोनवर सांगून हे होत नाही, मी दोन वर्षं सांगून पाहिलं.

आणि फॉर्मॅलिन बफर केलेलंच हवं. बाजारातलं ३७ ते ४० टक्क्यांचं १०० मिली, पाणी ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम आणि कोरडं डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. हे तयार करून हॉस्पिटलांना लॅबनेच पुरवावं. बरणीवर दोन रकाने छापा: ‘काढल्याची वेळ’ आणि ‘फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची वेळ’. सुरुवातीला ते रिकामेच येतील. रिकामे आले की ओटीतल्या सिस्टरना फोन करायचा, दर वेळी. तीनेक महिन्यांत सवय लागते.

पायरी २: मायक्रोस्कोप मोजा

आता त्या तक्त्याची गोष्ट. आपल्याकडच्या रिपोर्टांवर अजून ‘एमबीआर (मॉडिफाइड ब्लूम-रिचर्डसन) ग्रेड’ असं लिहिलेलं दिसतं. ब्लूम आणि रिचर्डसन यांनी १९५७ मध्ये मांडलेली पद्धत एल्स्टन आणि एलिस यांनी नॉटिंगहॅममध्ये सुधारून १९९१ मध्ये प्रसिद्ध केली, तीच आज जगभर चालते. तीन गोष्टींना प्रत्येकी १ ते ३ गुण: नळ्या किती तयार झाल्यात, केंद्रकं किती बिघडलीत आणि मायटोसिस किती आहेत. बेरीज ३ ते ५ आली तर ग्रेड १, ६ किंवा ७ ला ग्रेड २, ८ किंवा ९ ला ग्रेड ३.

मायटोसिस मोजायची ती ४० च्या लेन्सखाली दहा फील्डमध्ये. पण फील्ड सगळ्या मायक्रोस्कोपचं सारखं नसतं. आयपीसवर ‘१८’, ‘२०’ किंवा ‘२२’ असा फील्ड नंबर कोरलेला असतो. त्याला ४० ने भागलं की फील्डचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. नंबर पुसला गेला असेल तर पारदर्शक प्लास्टिकची फूटपट्टी स्टेजवर ठेवा, ४ च्या लेन्समधून किती मिलिमीटर दिसतात ते मोजा आणि चारने गुणा, फील्ड नंबर मिळेल.

माझा निघाला १८, म्हणजे व्यास ०.४५ मिमी. तिचा २२, म्हणजे ०.५५. फरक किरकोळ वाटतो, पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर चालतं: तिचं फील्ड माझ्या जवळजवळ दीडपट. एकाच गाठीत मी दहा फील्डमध्ये ६ मायटोसिस मोजल्या तर ती ९ मोजणार, आणि दोघीही बरोबर. भिंतीवरचा तक्ता मात्र ०.५५ साठीचा होता: ८ पर्यंत १ गुण, ९ ते १७ ला २, १८ पासून पुढे ३. माझ्या ६ ना मी इतकी वर्षं १ गुण देत होते. ०.४५ साठी सीमा वेगळ्या आहेत: ५ पर्यंत १, ६ ते ११ ला २, १२ पासून ३. म्हणजे माझ्याही गाठीला २ च गुण मिळायला हवे होते. नळ्यांना २, केंद्रकांना २ असतील तर माझी बेरीज ५, ग्रेड १. तिची ६, ग्रेड २. ती घाबरत नव्हती. मीच कमी देत होते.

त्या तक्त्याची फोटोकॉपी कुठल्या तरी सीएमईमधून, म्हणजे डॉक्टरांच्या प्रशिक्षण कार्यक्रमातून, आली होती. आता प्रत्येक मायक्रोस्कोपवर त्याच्या स्वतःच्या सीमांची चिठ्ठी चिकटवलेली आहे. हा लेख वाचून तुम्ही एवढं एकच केलंत तरी पुष्कळ.

पायरी ३: निकष कागदावर आणा

‘आपण सगळे तेच पुस्तक वाचून आलोत’ यावर विसंबू नका. १९९१ मध्ये पाच नामवंत तज्ज्ञांना कुंपणावरच्या १७ केसेस दिल्या होत्या, कुठलेही ठरावीक निकष न सांगता. एकाही केसवर पाचही जणांचं एकमत झालं नाही. काही केसेसमध्ये तर एकाचं मत साधी हायपरप्लेशिया (पेशींची नुसती वाढ) आणि दुसऱ्याचं डीसीआयएस. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने सहा जणांना आधी लेखी निकष आणि नमुन्याची चित्रं दिली आणि मग २४ केसेस वाचायला सांगितल्या. १४ केसेसमध्ये, म्हणजे ५८ टक्क्यांत, सहाही जण एकमताने बोलले. केसेस वेगळ्या होत्या, त्यामुळे थेट तुलना करू नये, पण निकष लिहून काढण्याचा फायदा त्यातून दिसतो.

तुमच्या पानभर निकषांमध्ये हे असू द्या. नळ्या: संपूर्ण गाठ कमी पॉवरखाली पाहून, मध्ये स्पष्ट पोकळी असलेल्याच मोजा. ७५ टक्क्यांपेक्षा जास्त असतील तर १ गुण, १० ते ७५ ला २, १० पेक्षा कमी असतील तर ३. मायटोसिस: गाठीच्या कडेला, जिथे सगळ्यात जास्त दिसतात तिथून मोजायला लागा. काळा पडलेला, आक्रसलेला न्यूक्लियस मोजायचा नाही, शंका असेल तर सोडून द्या. केंद्रकं: शेजारच्या सामान्य नलिकेच्या पेशींशी ताडा. दीडपटीच्या आत १, दीड ते दोनपट २, दोनपटीहून मोठी आणि वेडीवाकडी ३. तिन्हींमध्ये सगळ्यात कमी एकमत या केंद्रकांवर होतं, कारण इथे मोजायला काही नाही, नजरेचा अंदाजच आहे. म्हणून १, २ आणि ३ गुणांची एकेक स्लाइड आपल्याच संग्रहातून काढून ‘मापाची’ म्हणून बाजूला ठेवा. सोनार कसोटीचा दगड जवळ ठेवतो तशी.

एटिपिकल डक्टल हायपरप्लेशिया आणि कमी ग्रेडचा डीसीआयएस यांच्यातली रेघ म्हणजे तर माणसांनी आखलेला बांध. बदल दोन नलिका पूर्ण भरून नसेल, किंवा २ मिलिमीटरच्या आत असेल, तर एटिपिया म्हणण्याकडे कल ठेवायचा. कोअर बायोप्सीत, म्हणजे सुईने काढलेल्या तुकड्यात, असं काही दिसलं की एकट्याने सही करायची नाही, हा आमच्याकडचा नियम आहे. तुम्हीही करा.

पायरी ४: चाळीस स्लाइड्सची चाचणी

गेल्या दोन-तीन वर्षांतल्या इन्व्हेसिव्ह कर्करोगाच्या चाळीस केसेस निवडा, ऑपरेशनच्या नमुन्यांच्या. कोअर बायोप्सीत गाठीचा छोटा तुकडाच येतो, मायटोसिस कमी सापडतात, म्हणून त्या यात मिसळू नका. निवड वाचणाऱ्यांनी करायची नाही, टेक्निशियनला सांगा: रजिस्टरमधून ओळीने घ्यायच्या, सोप्या-अवघड असं न बघता. प्रत्येक केसची एकच स्लाइड, दोघांना तीच. लेबलवर चिकटपट्टी लावून १ ते ४० आकडे घाला.

आणि स्लाइडवरचे जुने पेनाचे ठिपके स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. हे आम्ही पहिल्यांदा विसरलो. सातव्या स्लाइडवर मायटोसिसच्या शेजारी मीच कधीकाळी काढलेला निळा ठिपका दिसला आणि माझी नजर सरळ तिथेच गेली. चाचणी तिथेच मोडीत निघाली, पुन्हा पहिल्यापासून करावी लागली.

कागदावर नुसता ग्रेड नको. नळ्या, केंद्रकं, मायटोसिसची प्रत्यक्ष संख्या, तिन्हीचे गुण, मग ग्रेड. जुना रिपोर्ट बघायचा नाही, एकमेकांशी बोलायचं नाही. दिवसाला दहापेक्षा जास्त वाचू नका. चाचणी म्हणून वाचताना माणूस जरा जास्तच काळजी घेतो, त्याला इलाज नाही.

पायरी ५: कप्पा काढा, पण त्यावरच थांबू नका

नुसती टक्केवारी फसवी असते, कारण योगायोगानेही काही उत्तरं जुळतात. ती वजा करायला कोहेन यांनी १९६० मध्ये कप्पा हे माप दिलं. कागदावर हाताने निघतं. समजा ‘अ’ आणि ‘ब’ या दोघींची चाळीस उत्तरं अशी आली:

| | ब: ग्रेड १ | ब: ग्रेड २ | ब: ग्रेड ३ | अ ची बेरीज |
|---|---|---|---|---|
| अ: ग्रेड १ | ७ | ४ | ० | ११ |
| अ: ग्रेड २ | १ | १२ | ६ | १९ |
| अ: ग्रेड ३ | ० | १ | ९ | १० |
| ब ची बेरीज | ८ | १७ | १५ | ४० |

कर्णावरचे आकडे जुळलेले: ७, १२ आणि ९ मिळून २८. चाळीसपैकी २८ म्हणजे ०.७०. आता योगायोगाचा वाटा: प्रत्येक ग्रेडसाठी दोघींच्या बेरजा गुणा आणि मिळवा. ११ गुणिले ८, अधिक १९ गुणिले १७, अधिक १० गुणिले १५, एकूण ५६१. त्याला ४० च्या वर्गाने, १६०० ने भागा: ०.३५. मग ०.७० मधून ०.३५ वजा केले, ०.३५ उरले. त्याला १ वजा ०.३५ ने, म्हणजे ०.६५ ने भागलं की ०.५४. प्रचलित पट्टीवर ०.४१ ते ०.६० ‘मध्यम’ आणि ०.६१ ते ०.८० ‘बऱ्यापैकी भक्कम’. ग्रेडिंगमध्ये मध्यमच्या आसपास येणं ही जगभरची गोष्ट आहे, खचून जाऊ नका.

माझ्या मते कप्पापेक्षा मोलाची गोष्ट कर्णाच्या दोन बाजूंना दिसते. वरच्या बाजूला, म्हणजे ‘ब’ ने वरचा ग्रेड दिलेल्या, १० केसेस. खालच्या बाजूला फक्त २. बिनजुळत्या १२ केसेस सहा-सहा अशा वाटल्या गेल्या असत्या तर ते नजरेचं हेलकावणं म्हणता आलं असतं. दहाला दोन म्हणजे कुणाचं तरी माप सरकलंय. मग तिन्ही गुण वेगवेगळे ताडा. आमच्या बाबतीत नळ्या जुळल्या, केंद्रकं थोडी इकडे-तिकडे, आणि मायटोसिस एकतर्फी तिच्या बाजूने. तिथून फूटपट्टी आणि आयपीस.

मतभेदाच्या स्लाइड्स दोन डोक्यांच्या मायक्रोस्कोपवर एकत्र बघा. तो नसेल तर मोबाइलने फोटो काढून स्क्रीनवर. धाकट्याने आधी बोलायचं, ज्येष्ठाने नंतर. नाहीतर ‘मॅडम म्हणतात ते बरोबर’ असं एकमत होतं, ज्याचा काही उपयोग नाही.

पायरी ६: रजिस्टरमधला हिशोब

चाचणी न करताही होण्यासारखं हे काम आहे. वर्षभराच्या इन्व्हेसिव्ह केसेसमध्ये ग्रेड १, २ आणि ३ किती टक्के, हे प्रत्येक सही करणाऱ्याचं वेगळं काढा. नेदरलँड्समध्ये ३३ हजारांहून जास्त रुग्णांचे रिपोर्ट ३९ लॅबमधून गोळा करून हेच पाहिलं होतं. ग्रेड १ चं प्रमाण एका लॅबमध्ये १६ टक्के, तर दुसरीत ४३. आपल्याकडे स्क्रीनिंग फारसं नसल्याने गाठी मोठ्या होऊन येतात, ग्रेड ३ जास्त असणारच. त्यामुळे त्यांच्या आकड्यांशी तुलना नको. एकाच लॅबमध्ये, एकाच रजिस्टरमधून केसेस घेणाऱ्या दोघांत मात्र मोठा फरक नसावा.

पायरी ७: ईआर, पीआर, हर-२

इथली चूक ग्रेडच्या चुकीपेक्षा महाग पडते. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये २००५ साली उघड झालं की १९९७ पासूनच्या हार्मोन रिसेप्टर चाचण्यांमध्ये गडबड होती. हजारावर नमुने पुन्हा तपासले, साडेतीनशेहून जास्त निकाल बदलले. ईआर निगेटिव्ह ठरवलेल्या कित्येक बायकांना टॅमॉक्सिफेन हे हार्मोनविरोधी औषध मिळालंच नव्हतं. न्यायमूर्ती मार्गारेट कॅमरॉन यांच्या चौकशी आयोगाने २००९ मध्ये अहवाल दिला. त्यात गुणवत्ता तपासणीचा अभावच पानोपानी दिसतो.

त्यातून उचलायची सवय अशी: ईआर निगेटिव्ह लिहिण्याआधी त्याच स्लाइडवर रुग्णाची स्वतःची सामान्य नलिका शोधा. तिच्या पेशी मधूनमधून रंगलेल्या दिसल्या पाहिजेत. त्या कोऱ्या असतील तर गाठीबद्दल बोलायचा अधिकार त्या स्लाइडला नाही, पुन्हा करा. सामान्य नलिका नसेलच तर दुसरा ब्लॉक घ्या. ग्रेड १, ट्यूब्युलर, म्युसिनस किंवा नेहमीचा लोब्युलर कर्करोग ईआर निगेटिव्ह आला तर आधी आपल्या स्टेनवर संशय घ्या. १ टक्क्यापासून पॉझिटिव्ह, पण १ ते १० टक्के असेल तर ‘लो पॉझिटिव्ह’ असं स्पष्ट लिहा.

हर-२ या प्रथिनाच्या चाचणीत २+ आला की फिश या जनुक बघणाऱ्या चाचणीला पाठवायचं, हे सगळ्यांना पाठ आहे. ० आणि १+ यांच्यातला फरक पूर्वी कुणी मनावर घेत नसे, दोन्ही निगेटिव्हच. २०२२ मध्ये ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकॅन या औषधाचा ‘हर-२ लो’ रुग्णांना फायदा दिसला आणि पेशीच्या त्या फिकट रंगलेल्या कडेला एकदम किंमत आली. तज्ज्ञांचंही इथे एकमत कमी पडतं. म्हणून ० लिहिण्याआधी ४० च्या लेन्सखाली बघा आणि दुसऱ्याला दाखवा. केआय-६७, म्हणजे वाढत असलेल्या पेशींची टक्केवारी, याबद्दल एवढंच: ५ टक्क्यांपर्यंत किंवा ३० च्या पुढे असेल तर विश्वासाने बोला, मधल्या आकड्यावर कुणाची केमो ठरू देऊ नका.

पायरी ८: दुसरं मत, आणि बदललेला रिपोर्ट

वर सांगितलेल्या अमेरिकन अभ्यासाच्याच माहितीवरून हिशोब झाला की प्रत्येक केसवर दुसरं मत घेतलं तर चुकीचं वर्गीकरण २४.७ वरून १८.१ टक्क्यांवर येतं. शून्यावर येत नाही. त्यामुळे सगळ्याच केसेस दोघांनी बघणं जमत नसेल तर निवड करा: एटिपिया, कमी ग्रेडचा डीसीआयएस, पॅपिलरी गाठी, आणि बेरीज ५-६ किंवा ७-८ च्या उंबरठ्यावर असलेले ग्रेड. ‘मला शंका आली तरच दाखवीन’ हा नियम पुरत नाही, कारण खात्रीने चुकणाऱ्याला शंका येत नसते.

नातेवाइकांसाठी: दुसऱ्या हॉस्पिटलात जाताना नुसता रिपोर्ट नेऊ नका, स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक दोन्ही मागून न्या. परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी ते मागतातच. ब्लॉक उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण वितळतं. एका रिपोर्टात ग्रेड २ आणि दुसऱ्यात ३ आला म्हणून पहिल्या डॉक्टरने फसवलं असं लगेच धरू नका. दोन्हींतले तिन्ही गुण विचारा. ७ आणि ८ यांच्यात एकाच गुणाचं अंतर असतं.

आणि आपण स्वतः निदान बदललं तर? आधी सर्जनना फोन, मग कागद. जुना रिपोर्ट फाडायचा किंवा कॉम्प्युटरवर गुपचूप दुरुस्त करायचा नाही. सुधारित रिपोर्टवर तारीख, आधीचं निदान, आताचं निदान आणि कारण अशा चार ओळी. तक्ता बदलल्यावर मी त्या चाळीस केसेसमधले माझे आठ ग्रेड असेच बदलले. फोनवर एक सर्जन म्हणाले, ‘‘मॅडम, त्या बाईंची ट्रीटमेंट यामुळे बदलत नाही, कशाला लिहिता?’’ मी लिहिलं. बाकीच्या सात फोनपैकी एकात ऑन्कॉलॉजिस्टने फाइल परत मागवली.

चाळीस स्लाइड्सचा ट्रे अजून कपाटात आहे. सहा महिन्यांनी टेक्निशियनने क्रम बदलून तो पुन्हा माझ्यासमोर ठेवला, या वेळी ताडायचं ते माझंच माझ्याशी. पाच ठिकाणी मी स्वतःशीच सहमत नव्हते, आणि पाचपैकी चार ठिकाणी घोळ केंद्रकांच्या गुणांत होता. मापाच्या तीन स्लाइड्स तेव्हापासून कपाटात न ठेवता टेबलावरच ठेवते.